४०० पट म्हणजे नेमकं केवढं? पेशीचा खरा आकार मोजण्याची गोष्ट



एम.एस्सी.च्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मायक्रोस्कोपमधून काढलेले फोटो असतातच, आणि बऱ्याच फोटोंखाली एकच ओळ असते: "मॅग्निफिकेशन ४००×". पीएचडीच्या मुलाखतीत समोरचे सर किंवा मॅडम नेमकं त्याच फोटोवर बोट ठेवून विचारू शकतात, "ही पेशी किती मायक्रोमीटरची आहे?" आणि त्या क्षणी ४०० हा आकडा काहीच कामाला येत नाही. विचार करून बघा. तोच फोटो मोबाइलवर पाहिला तरी ४०० पट, आणि प्रोजेक्टरने भिंतभर पसरवला तरीही ४०० पटच? दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?

सूत्रं तुम्हाला पाठ असतील. पण ती कुठून आली हे पाहिलं की ती कुठे फसवतात तेही कळतं. म्हणून आज थोडा इतिहास बघू. या साडेतीनशे वर्षांच्या इतिहासातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: आकार कळतो तो तुलनेतून. माहीत असलेल्या मापाची वस्तू त्याच भिंगाखाली, त्याच परिस्थितीत ठेवली तरच समोरच्या पेशीचं माप सांगता येतं. मॅग्निफिकेशन हा त्या तुलनेचा एक टप्पा आहे, उत्तर नाही.

हूकचे दोन डोळे

रॉबर्ट हूकचं 'मायक्रोग्राफिया' १६६५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. 'सेल' हा शब्द त्याने बुचाच्या कापातल्या कप्प्यांसाठी वापरला, हे आपण शाळेपासून वाचत आलो. पण त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत मॅग्निफिकेशन मोजायची एक रीत दिली आहे, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

रीत अगदी साधी आहे. एक डोळा मायक्रोस्कोपला लावायचा आणि दुसरा उघडाच ठेवायचा. मायक्रोस्कोपच्या बैठकीवर इंचाचे बारीक भाग केलेली पट्टी ठेवायची. एका डोळ्याला मोठी झालेली वस्तू दिसते, दुसऱ्याला पट्टी दिसते, आणि सरावाने दोन्ही चित्रं एकमेकांवर येतात. मोठी झालेली वस्तू पट्टीवर किती लांब दिसते ते वाचायचं आणि त्याला वस्तूच्या मूळ लांबीने भागायचं. म्हणजे आपलं ओळखीचं सूत्र:

मॅग्निफिकेशन = प्रतिमेची लांबी ÷ वस्तूची खरी लांबी

यात एक अट दडलेली आहे. पट्टी डोळ्यापासून किती अंतरावर आहे, त्यावर उत्तर बदलतं. पट्टी लांब नेली तर त्याच प्रतिमेने पट्टीवरचे जास्त भाग झाकले जातील आणि मॅग्निफिकेशन जास्त येईल. म्हणूनच पुढे सगळ्यांनी मिळून एक अंतर ठरवून घेतलं, २५० मिलिमीटर. निरोगी डोळ्याला जवळचं स्पष्ट दिसतं ते साधारण एवढ्या अंतरावरून. साध्या भिंगाचं मॅग्निफिकेशन काढताना आपण २५० ला नाभीय अंतराने भागतो, तो २५० इथूनच येतो. थोडक्यात, मॅग्निफिकेशनच्या आकड्यात निसर्गाचा नियम जेवढा आहे, तेवढाच माणसांनी ठरवलेला संकेतही आहे.

आता गंमत बघा. बुचाच्या पेशींचा आकार सांगताना हूकने आधी मॅग्निफिकेशन काढून मग भागाकार केला, असं झालं नाही. त्याने सरळ मोजणी केली. इंचाच्या अठराव्या भागात टोकाला टोक लावून साधारण ६० कप्पे बसत होते. म्हणजे एका इंचात ६० × १८ = १०८०. आजच्या भाषेत २५.४ मिलिमीटर ÷ १०८०, म्हणजे सुमारे २३.५ मायक्रोमीटर. बुचाच्या पेशी खरोखरच काही दहा मायक्रोमीटरच्या असतात, त्यामुळे १६६५ सालासाठी हे उत्तर उत्तमच म्हणायचं.

पण हूक तिथे थांबला नाही. एका इंचात १०८०, तर एका चौरस इंचात ११,६६,४०० आणि एका घन इंचात १,२५,९७,१२,००० कप्पे, असा हिशोब त्याने मांडला. पहिला आकडा मोजलेला आहे. तिसरा आकडा गृहीतकावर उभा आहे, की पेशी तिन्ही दिशांना सारखीच आहे. आणि घन केल्यावर चूकही वाढते. लांबी मोजताना १० टक्के चूक झाली तर घनफळात ती सुमारे ३३ टक्के होते, कारण १.१ चा घन १.३३ येतो. तुम्ही पेशीचा व्यास मोजून त्यावरून आयतन काढणार असाल, तर ही गोष्ट आताच वहीत लिहून ठेवा.

वाळूचा कण आणि २५,००० पट

इकडे हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात अँटनी व्हान लेव्हेनहुक नावाचा कापडाचा व्यापारी स्वतः भिंगं तयार करत होता. एकच इवलंसं भिंग, पितळी पट्ट्यांमध्ये बसवलेलं. उट्रेक्टच्या संग्रहालयात त्याचा एक मायक्रोस्कोप आहे, त्याचं मॅग्निफिकेशन सुमारे २७० पट भरतं. पण लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रांत आकार सांगताना त्याचा भर या आकड्यावर नव्हता. तो तुलना करायचा: वाळूचा कण, केस, उवेचा डोळा. वाचणाऱ्याच्या हाताशी असतील अशा वस्तू तो निवडायचा.

१६७४ मध्ये त्याने लिहिलं की रक्तातला लाल गोळा हा वाळूच्या बारीक कणापेक्षा २५,००० पट लहान आहे.

इथे थांबा आणि गणित करा. वाळूचा बारीक कण इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे २५४ मायक्रोमीटर धरू. २५४ भागिले २५,००० म्हणजे ०.०१ मायक्रोमीटर. हे शक्यच नाही. एवढी छोटी गोष्ट साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपमध्ये दिसणारच नाही. मग लेव्हेनहुक चुकला का? नाही. त्याचे '२५,००० पट' घनफळाचे होते, व्यासाचे नव्हते. २५,००० चं घनमूळ सुमारे २९.२. म्हणून व्यास २५४ ÷ २९.२, म्हणजे साधारण ८.७ मायक्रोमीटर. आज आपण लाल रक्तपेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर सांगतो. वाळूच्या कणाला मापदंड मानून आलेलं हे उत्तर आहे!

म्हणून जुना पेपर वाचताना "इतके पट" असं दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: लांबीचे पट, क्षेत्रफळाचे पट की घनफळाचे पट? आजच्या जाहिरातींतही हा घोळ चालतो. दहा पट लांबी म्हणजे शंभर पट क्षेत्रफळ. आपण मायक्रोस्कोपवर लिहितो ते ४००× नेहमी लांबीचे असतात.

या तुलनांवर तेव्हा बरंच काही अवलंबून होतं. १६७६ च्या पत्रात लेव्हेनहुकने पाण्यातले इतके सूक्ष्म जीव वर्णन केले की लोकांना ते पटेनात. त्याला साक्षीदारांची पत्रं गोळा करून पाठवावी लागली. शेवटी नोव्हेंबर १६७७ मध्ये हूकने रॉयल सोसायटीत ते जीव स्वतः दाखवले, तेव्हा शंका मिटली. "खूप लहान" एवढंच लिहिलं असतं तर कुणी तपासणार तरी काय? तुलना दिली, म्हणून दुसऱ्याला ती पडताळता आली.

जुरिनची तार

वाळूचा कण सोयीचा खरा, पण माझी वाळू आणि तुमची वाळू सारखी नसते. १७१८ च्या सुमारास जेम्स जुरिन या इंग्रज डॉक्टरने यावर सुंदर उपाय काढला. त्याने अतिशय बारीक तार घेतली आणि ती टाचणीवर वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळली. एका इंचात किती वेढे बसले ते मोजलं. एका वेढ्याची जाडी मोजणं अवघड, पण शेकडो वेढ्यांची एकत्र लांबी मोजून भागाकार करणं सोपं. तारेची जाडी इंचाचा ४८५ वा भाग निघाली, म्हणजे सुमारे ५२ मायक्रोमीटर. मग त्या तारेचे बारीक तुकडे करून त्याने ते भिंगाखाली, पाहायच्या वस्तूवरच पसरले. आता पेशी आणि तार एकाच दृश्यात, एकाच भिंगातून दिसत होत्या. मॅग्निफिकेशन किती आहे याची गरजच उरली नाही.

तारेच्या जाडीत चार रक्तपेशी बसतात, असं जुरिनला दिसलं. म्हणून पेशीचा व्यास इंचाचा १९४० वा भाग, म्हणजे १३ मायक्रोमीटर. त्याने तारेचे तुकडे डेल्फ्टला लेव्हेनहुककडेही पाठवले आणि तिकडून उत्तर जुळतंच आलं.

पद्धत वाळूच्या कणापेक्षा कितीतरी चांगली, आणि उत्तर मात्र जास्त चुकलेलं! ५२ मायक्रोमीटरच्या तारेच्या जाडीत ७.५ मायक्रोमीटरच्या पेशी बसायला हव्यात सात. डोळ्याने अंदाज करताना त्या चार वाटल्या. इथे दोन धडे आहेत. एक, मापदंड अचूक असला तरी वाचन अचूक असेलच असं नाही. दोन, दोन माणसांची उत्तरं जुळली म्हणजे उत्तर बरोबर, असंही नाही. दोघांनी एकच तार, एकच पद्धत आणि तसाच अंदाज वापरला तर दोघंही एकाच दिशेने चुकू शकतात. तुमच्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात 'प्रिसिजन' आणि 'अ‍ॅक्युरसी' यांतला फरक विचारतात ना, त्याचं हे रक्तामांसाचं उदाहरण.

भिंग सुधारलं, मग आकडा स्थिरावला

पुढची शंभर वर्षं एक अडचण कायम राहिली. भिंगांमुळे वस्तूच्या कडेला रंगांची झालर दिसायची आणि कडा धूसर व्हायची. कडच नक्की नसेल तर मोजणार कुठून कुठपर्यंत? १८२० च्या दशकात जोसेफ जॅक्सन लिस्टरने भिंगांच्या जोड्या बसवून हे दोष बरेच कमी केले. त्याने आणि थॉमस हॉजकिनने १८२७ मध्ये रक्ताची निरीक्षणं प्रसिद्ध केली. लाल पेशी गोळा नसून दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेली चकती आहे, हे त्यांनी स्पष्ट मांडलं आणि व्यास दिला इंचाचा ३००० वा भाग, म्हणजे ८.५ मायक्रोमीटर. त्यानंतर जॉर्ज गलिव्हरने अनेक प्राण्यांच्या रक्तपेशी मोजल्या. त्याचा माणसाचा आकडा इंचाचा ३२०० वा भाग, म्हणजे ७.९ मायक्रोमीटर.

आता सगळे आकडे ओळीने ठेवा: ८.७, १३.१, ८.५, ७.९ आणि आजचे ७ ते ८. हा आलेख सरळ खाली उतरत नाही. मध्येच एक उडी आहे. विज्ञान एकेक पायरी चढत सत्याकडे जातं हे चित्र पुस्तकात छान दिसतं, प्रत्यक्षात मात्र असं मागेपुढे होतं.

शिवाय स्लाइड कशी बनवली यावरही आकार बदलतो. वाळवलेल्या स्मिअरमध्ये लाल पेशी ओल्या रक्तातल्या पेशीपेक्षा थोडी आकसते. म्हणून "पेशी इतक्या मायक्रोमीटरची" असं लिहिताना ती ओली होती, वाळवलेली होती की फिक्स केलेली, हेही लिहायला हवं.

किती मोठं केलं तर पुरे?

१८७३ मध्ये जर्मनीतल्या येना इथे एर्न्स्ट आबेने दाखवून दिलं की प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे मायक्रोस्कोपला एक मर्यादा आहे. दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी लागणारं किमान अंतर म्हणजे तरंगलांबी भागिले न्यूमेरिकल अपर्चरची दुप्पट. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटर आणि अपर्चर १.४ धरलं तर उत्तर येतं सुमारे २०० नॅनोमीटर, म्हणजे ०.२ मायक्रोमीटर. यापलीकडे मॅग्निफिकेशन कितीही वाढवा, प्रतिमा मोठी होईल पण नवीन काही दिसणार नाही. मोबाइलवरचा फोटो दोन बोटांनी ताणावा तसंच. याला पोकळ मॅग्निफिकेशन म्हणतात. उपयोगी मॅग्निफिकेशन साधारण अपर्चरच्या ५०० ते १००० पट, एवढंच.

मोजमापासाठी याचा अर्थ असा, की लाल पेशीचा व्यास ७.५४३ मायक्रोमीटर असा तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिला, तर शेवटचे आकडे कॅल्क्युलेटरने दिलेले आहेत, मायक्रोस्कोपने नाही.

सिकंदराबादचे दोन डास

१८७९ मध्ये मायक्रॉन हे एकक आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालं. इंचाचे हजारावे भाग मागे पडले. (१९६७ मध्ये 'मायक्रॉन' हे अधिकृत नावही गेलं आणि मायक्रोमीटर राहिलं, पण लॅबमध्ये अजून सगळे मायक्रॉनच म्हणतात.) या एककाने आपल्या देशात एक मोठं काम केलं.

ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर डासांची चिरफाड करत होता. मलेरियाच्या रुग्णाचं रक्त प्यायलेला एक डास त्याने २० ऑगस्टला उघडला. पोटाच्या भिंतीत त्याला एक गोल, रेखीव पेशी दिसली, व्यास सुमारे १२ मायक्रॉन. डासाच्या पोटाच्या नेहमीच्या पेशींपेक्षा ती लहान होती, आणि आत मलेरियाच्या परजीवीत असतात तसे काळे कण होते. दुसऱ्या दिवशी त्याने त्याच वेळी रक्त प्यायलेला दुसरा डास उघडला. त्यातल्या तशाच पेशी आदल्या दिवशीच्यापेक्षा मोठ्या होत्या.

या फरकाचं वजन लक्षात घ्या. नुसत्या काळ्या कणांच्या पेशी दिसल्या असत्या तर तो डासाचाच काही आजार असेल, असं कुणीही म्हटलं असतं. पण एका दिवसात आकार वाढला, म्हणजे ती जिवंत गोष्ट डासात वाढत होती. मलेरियाचा परजीवी डासात वाढतो या निष्कर्षाची सुरुवात अशी मोजमापातून झाली. "४०० पट मोठं केलेलं चित्र" एवढंच हातात असतं, तर कालची पेशी आणि आजची पेशी यांची तुलना कशी करणार होता तो?

आता आपल्या टेबलावर

जुरिनची युक्ती अजून जिवंत आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवाल्यांनी विषाणूंसोबत पॉलिस्टायरीनचे ठरावीक आकाराचे गोळे पसरायला सुरुवात केली. तार गेली, गोळे आले, विचार तोच. आपल्या लॅबमधलं स्टेज मायक्रोमीटर म्हणजे काचेवर कोरलेली तीच तार. त्यात १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, एक भाग १० मायक्रोमीटर.

आयपीसमधली पट्टी स्वतः काहीच मोजत नाही, आधी तिला भाषा शिकवावी लागते. समजा ४०× ऑब्जेक्टिव्हवर आयपीसचे १०० भाग स्टेज मायक्रोमीटरच्या २५ भागांशी जुळले. २५ भाग म्हणजे २५० मायक्रोमीटर, म्हणून आयपीसचा एक भाग २.५ मायक्रोमीटर. रक्तपेशीने ३ भाग व्यापले तर व्यास ७.५ मायक्रोमीटर. ऑब्जेक्टिव्ह बदलला की हे सगळं पुन्हा करायचं. मायक्रोस्कोप बदलला तरी पुन्हा.

स्टेज मायक्रोमीटर नसेल तर हूकची मोजणी वापरा. आयपीसवर फील्ड नंबर १८ लिहिला असेल आणि ऑब्जेक्टिव्ह १०× असेल, तर दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास १८ ÷ १० = १.८ मिलिमीटर. त्यात कांद्याच्या सालीच्या ६ पेशी लांबीने बसल्या, तर एक पेशी ३०० मायक्रोमीटर.

कॅमेऱ्याने फोटो काढला तर आयपीसचे १०× विसरून जा, कारण प्रकाश कॅमेऱ्याकडे बहुतेक वेळा वेगळ्या वाटेने जातो. कॅमेऱ्याचा पिक्सेल ६.५ मायक्रोमीटरचा, ऑब्जेक्टिव्ह ४०× आणि मध्ये दुसरं भिंग नसेल, तर फोटोतला एक पिक्सेल म्हणजे ६.५ ÷ ४० = ०.१६२५ मायक्रोमीटर. रक्तपेशी सुमारे ४६ पिक्सेल रुंद दिसायला हवी. मध्ये अडॅप्टर असेल तर हिशोब बदलेल, म्हणून इथेही स्टेज मायक्रोमीटरचा एक फोटो काढून खात्री करायची.

आणि रिपोर्टमध्ये फोटोवर स्केल बार टाकायचा. समजा २० मायक्रोमीटरचा बार छापील पानावर १६ मिलिमीटर भरला. मग छापील मॅग्निफिकेशन १६,००० ÷ २० = ८००×. पेशी पानावर ६ मिलिमीटर असेल तर खरी पेशी ६००० ÷ ८०० = ७.५ मायक्रोमीटर. तोच फोटो निम्मा केला तर ८००× चुकीचं ठरतं. बार मात्र पेशीसोबतच निम्मा होतो, त्यामुळे उत्तर बदलत नाही. सुरुवातीच्या मोबाइल-प्रोजेक्टरच्या कोड्याचं उत्तर हेच आहे. फोटोखालचे ४००× चित्र ताणलं की खोटे पडतात, बार चित्रासोबत ताणला जातो.

जाता जाता एक गणित. छापील फोटोत ५० मायक्रोमीटरचा बार २० मिलिमीटर भरतो आणि एक पेशी ९ मिलिमीटर दिसते. पेशीचा खरा आकार काढा. उत्तर हूकच्या बुचाच्या पेशीच्या आसपास आलं, तर तुमची रीत बरोबर आहे. फक्त एकक लिहायला विसरू नका.